भावजींनी घासलेले शिंपले

वहिनी जेवून येईपर्यंत टोपली घासून ठेवावी, असं भावजींच्या मनात आलं आणि तिथंच घात झाला. दीर म्हणून दोन दिवस राहायला आलेला माणूस, रिकामे हात, शेजारी ब्रश. बघता बघता मोत्यांच्या शिंपल्यांवरचं शेवाळ गेलं, चिखल गेला आणि वहिनींनी ओळखीसाठी एकेकावर दिलेला रंगाचा ठिपकाही गेला.

समुद्राकाठच्या त्या शेडमध्ये वहिनी दोन जातींचे शिंपले सांभाळत. एकीला आतून काळी किनार, दुसरीला सोनेरी. बाकी बाहेरून, त्या वयात, सख्ख्या बहिणी! दोघींत कोण जास्त अंग धरते ते कळावं म्हणून वहिनींनी त्यांना मुद्दाम एकाच टोपलीत, एकाच पाण्यात वाढवलं होतं. दोन वर्षं. लग्नकार्यं बुडवली, पण मोजमाप चुकवलं नाही. भावजींचा थोरला भाऊ म्हणायचा, "मीही कवच चढवून बसतो, म्हणजे आठवड्यातून एकदा तरी हिचं माझ्याकडे लक्ष जाईल."

आज शेडचे मालक कोणती जात ठेवायची ते ठरवायला येणार होते. त्यांचा जीव काळ्या किनारीवर, वहिनींची खात्री सोनेरीवर. सोनेरीच जास्त वाढते हे आज मोजून दाखवता आलं नाही, तर ती जात कायमची बाद.

वहिनींनी टोपलीत डोकावून पाहिलं. "भावजी, ठिपके कुठायत?"

"ते डाग ना? चिवट होते हो! पण सोडले नाहीत."

वहिनी मटकन स्टुलावर बसल्या. भावजींनी लगबगीनं सुरी उचलली. "एवढंच ना, उघडून बघू!"

"ठेवा ती! उचकटला की मेला. तो आपणहून तोंड उघडेल तेव्हाच किनार दिसणार."

टोपली टाकीत सोडली. शिंपल्यांची अळीमिळी गुपचिळी. बऱ्याच वेळानं एक जरासा फाकला. कसली किनार ते बघायला भावजी वाकले, तोच खट! मिटला. दुसरा फाकला. भावजी धावले. खट!

"दोन वर्षं जपलं मेल्यांना," वहिनींचा आवाज चढला, "आणि आज तोंड दाखवायला लाज वाटतेय!"

बाहेर मालकांची गाडी थांबली. टाकीवर आणखी ओणवं होत भावजी म्हणाले, "वहिनी, माझ्यानं होण्यासारखं काहीही सांगा. अगदी काहीही!"

"बाजूला व्हा, तुमच्या सावलीनंच मिटताहेत ते."