तीन भावांची गिरणी
ओल्या तुसाचा वास आला की घोटीतली आमची भाताची गिरणी आठवते. नव्वदच्या दशकात ती वडील आणि दोन्ही काका मिळून चालवत. साधा पट्टा बदलायचा तरी तिघांचा होकार लागायचा. एका पावसाळ्यात गळक्या छपरावर पत्रे कुठले घालायचे यावरच वाद चालत राहिला आणि खाली भाताची पोती कुजली. वडील सगळ्यांत धाकटे. ते थोरल्या काकांना म्हणाले, "दादा, यापुढे तुम्ही एकट्यानेच ठरवा. मी बाहेर पडतो." काका म्हणाले, "बरं." एवढंच. गिरणी पुढे सुरळीत चालली. वडील मात्र रोज सकाळी तयार होऊन ओट्यावर बसत, कोणी बोलवायला येईल म्हणून. त्यांच्या त्या वयाला मी आज पोहोचलोय. काकांनी तेव्हा एकदा तरी "थांब" म्हणायला हवं होतं, असं अजून वाटतं.