‘आच्चु’ म्हणजे नेमकं काय

मी ऑफिसात काय करतो, हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. “तुझी वेलै काय ते सांग की एकदा,” ती आमच्या तंजावरी मराठीत म्हणायची. वेलै म्हणजे काम. मी सांगायला लागलो की दोन वाक्यांत कंटाळायची आणि पाहुण्यांना सांगायची, “थंड खोलीत बसतो.” त्यात खोटं काही नव्हतं. गिंडीतल्या आमच्या पंपांच्या कारखान्यात एसी एकाच खोलीत होता, सगळ्या खात्यांचे हिशेब करणाऱ्या मोठ्या कॉम्प्युटरच्या. मद्रासच्या उकाड्यात मालकसुद्धा काहीतरी निमित्त काढून तिथे येऊन बसत. मी त्या खोलीचा प्रमुख, आणि माझ्या डोक्यावर मुख्य अकाउंटंट.

मग टेबलाटेबलावर छोटे कॉम्प्युटर आले. विक्रीचा वेगळा, कारखान्याचा वेगळा, अकाउंट्सचा वेगळा. गरज सरो नि वैद्य मरो. मालकांनी एक दिवस बोलावून सरळ विचारलं, “आता प्रत्येकाकडे मशीन आहे. मग तुम्ही कशाला?” आयुधपूजा झाली की निर्णय सांगतो, म्हणाले. मुलीचं कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं. मी घाबरलो, खोटं कशाला सांगू. पण भीतीपेक्षा तो प्रश्नच जास्त डसला. खरंच, मी कशाला होतो?

इतकी वर्षं लोक माझ्या खोलीत येत होते. आता मीच खात्याखात्यांतून हिंडू लागलो. जाईन तिथे एकच शब्द कानावर पडे, “आच्चु.” म्हणजे झालं. मद्रासमध्ये उठता-बसता बोलला जाणारा शब्द, त्याकडे कोण लक्ष देतो? मी मात्र चौकशीच लावली. विक्रीवाल्यांचं ऑर्डर मिळाली की आच्चु. कारखान्याचं पंपाला रंग लागला की आच्चु. अकाउंट्सचं बिल निघालं की आच्चु. तिघांनी आपापल्या मशीनमध्ये तसंच भरलेलं. म्हणजे एकच पंप तीनदा ‘झाला’ होता, आणि गिऱ्हाइकाच्या विहिरीवर एकदाही पोचला नव्हता. मला आधी हसू आलं, मग धास्ती वाटली.

आयुधपूजेला आमच्या घरी खंडेनवमी म्हणतात. कारखान्यात फिटरांचे पाने, गोदामातला तराजू, सगळ्यांना चंदन-कुंकू लागलं. त्या वर्षी कॉम्प्युटरांनाही. पूजा आटोपत आली तसं मालकांनी सहज विचारलं, “कोइमतूरच्या ऑर्डरचं काय? व्यापाऱ्याचा पुन्हा फोन होता.”

“आच्चु, सार,” तिन्ही खात्यांचे प्रमुख एका सुरात म्हणाले.

हात दाखवून अवलक्षण नको, असं मन बजावत होतं. तरी तोंडून निघालंच. “आच्चु म्हणजे काय?”

मुख्य अकाउंटंट हसले. “इतक्या पिढ्या इथे काढून तुम्हा मराठ्यांना तमिळ आलं नाही वाटतं.”

“तमिळ येतं, सार. हा एक शब्द तेवढा येत नाही,” मी म्हणालो. “प्रत्येकानं आपापला अर्थ सांगावा.”

मालकांनी मान डोलावली. तिघांनी सांगितला. पंप कुठे आहेत, हे मात्र कुणालाच सांगता येईना. मालकांच्या हातातल्या ताटलीतला कापूर विझून गेला तरी ते तसेच उभे होते.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या बैठकीत त्यांनी मला आपल्या शेजारची खुर्ची दिली. यापुढे मी थेट त्यांच्या हाताखाली. “लोक वैतागतील,” ते म्हणाले, “पण हे विचारत राहा.” मला इतका आनंद झाला की त्या बैठकीतलं बाकीचं काही आठवत नाही.

खाली आलो तेव्हा माझ्या खोलीचं दार सताड उघडं होतं. छोट्या मशीनांवर भागत असल्यानं मोठं मशीन भंगारात काढलं होतं आणि हमाल ते तुकड्यातुकड्यांनी बाहेर नेत होते. ते बंद करायची एक ठरलेली रीत होती, ती फक्त मला माहीत होती. मला विचारायला कुणी वर आलं नव्हतं.