भामाआत्याची मूठ

भामाआत्या दुधाच्या आधी दूध आणणारीला तपासायची. आमच्या गावच्या महिला दूध संस्थेची ती चेअरमन. सकाळी केंद्रावर गेलं, की किटली खाली ठेवायच्या आत तिचा अंगठा आपल्या डोळ्याखाली. पापणी ओढून आतला रंग बघायची आणि सगळ्यांसमोर सांगायची, "पांढरीफेक हायस. काल काय खाल्लंस?" कुणी चिडून हात झटकला तर म्हणायची, "दुधाला फॅट लावतेत, म्हशीला डॉक्टर लावतेत. तुला कोन काय लावतंय?"

आत्या माझी कुणी लागत नव्हती. नवरा वारल्यावर ती माहेरी आली. भावाच्या पोरांची आत्या ती गावाचीच आत्या झाली. तोंडाने फटकळ. सारखी मिश्री लावायची. भांडण झालं नाही तर तिला करमायचं नाही. बाई चांगली, पण सोसायला जड.

लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले, तेव्हा चौसाळ्याच्या अलीकडच्या माळावर संस्थेने चारा छावणी उघडली. माझा मुलगा ऊसतोडीला गेलेला. मी आणि सून राणी दोन गाई घेऊन छावणीतच राहायला गेलो. राणी पहिलटकरीण. अशा दिवसांत कोयता झेपणार नाही म्हणून मागे ठेवलेली. ती चुलीची भाजकी माती फोडून खायची आणि उठताना खांब धरायची. त्याचं कुणालाच नवल नव्हतं. पोटुशी बाया माती खातातच.

छावणीच्या तोंडाशी पाटी होती. मोठ्या जनावराला रोज चारा किती, पेंड किती, सगळं लिहिलेलं. एका संध्याकाळी आत्या तिच्यापुढे उभी राहिली आणि जनावरांच्या डॉक्टरांना म्हणाली, "सायेब, बायांची पाटी कुठं हाय?"

डॉक्टर हसले. "आत्या, ते माझ्या खात्यात येत नाही. नर्सबाईंना विचारा."

तिने खरंच विचारलं. नर्सबाई आली, राणीचं रक्त तपासलं. फारच कमी निघालं. "असंच राहिलं तर बाळंतपणात जिवावर बेतेल," असं मला बाजूला घेऊन सांगितलं. गोळ्या दिल्या. मग धडधाकट माणसाला रोज धान्य, डाळ, पालेभाजी किती ग्रॅम लागते, हेही ती सांगायला लागली.

"गराम आमच्या चुलीवर शिजत न्हाईत," आत्या म्हणाली. "हातानं सांगा."

दोघी जमिनीवर बसल्या आणि डाळ-पाला पुढे घेऊन माप बसवलं. डाळ मूठभर, दोन जिवांचीला दोन मुठी. चिरलेली पालेभाजी ओंजळभर. पेलाभर दूध. भाकरी भूक भागेपर्यंत. वर लिंबू पिळायचं. "ज्याची त्याची मूठ," आत्या सगळ्यांना सांगत सुटली. "आन् रोज. सणाला खाल्लेलं सणापुरतंच."

मी म्हटलं, "आत्या, आजाऱ्याला दूध पाजावं हे समजतं. धड माणसाला कशाला?"

"आजारी पडल्यावर समदेच पाजतेत. म्हस आटल्यावर पेंड घालतीस का गं तू?"

मी डाळीत हात घालून माझी मूठ किती भरते ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी तिने मोठं पातेलं मांडलं. प्रत्येकीने आपल्या घरचे मूठभर हुलगे आणायचे, शेळ्यांना टाकायचा शेवग्याचा पाला आधी इकडे द्यायचा. हुलग्याचं पातळ पेजेसारखं माडगं आणि पाल्याची भाजी. संस्थेचा हिशोब लिहिणारे बापूराव कमरेवर हात ठेवून आले. "आत्या, ही जनावरांची छावणी हाय. लगीन न्हाई."

"मग बायांना बी दावणीला बांध. म्हंजे पाटीवर येतेल."

खरी अडचण बापूरावांची नव्हती, आमचीच होती. गाईंना वैरण टाकायच्या आधी कुणी वाटीला हात लावेना. मुक्या जिवाच्या आधी खाणं पाप, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलेलो. राणीने तर वाटी घेतली आणि माझ्याकडे बघून खाली ठेवली.

"कावून ठिवलीस?"

"आधी मुकं जनावर, आत्या."

"मुकं कोन गं? ती का तू? ती भूक लागल्यावर हंबरती तरी. तू हंबरत बी न्हाईस."

तेवढ्यात गाई खरंच हंबरल्या. मी म्हटलं, "खा गं. वैरण मी टाकते." राणी खाली मान घालून खायला लागली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "आत्या, अजून हाय का?"

"बगा, हंबरली!" आत्या ओरडली. सगळ्या बाया हसल्या. राणीही हसली, तोंडात माडगं घेऊन.

नर्सबाईने जेवणावर लगेच चहा प्यायचा नाही असं सांगितलं होतं. आत्याने सगळ्यांचा बंद केला, स्वतः मात्र प्यायची. बोलून दाखवलं तर म्हणे, "माजं रगत लई जुनं हाय. त्याला फरक पडत न्हाई."

छावणी उठेपर्यंत राणीने गोळी चुकवली नाही आणि मूठही चुकवली नाही. माती कधी सुटली ते तिलाही कळलं नाही. बाळंतपण नीट झालं, मुलगी झाली. आत्या बघायला आली ती बाळाला सोडून आधी बाळंतिणीची पापणी ओढायला गेली. "गुलाबी," एवढंच म्हणाली. तिच्या तोंडून गोड शब्द मी तो एकच ऐकला.

आत्या गेली तेव्हा ती मुलगी शाळेत जात होती. तेराव्याला मांडवात पत्रावळी मांडल्या आणि रीतीप्रमाणे बाप्ये बसायला निघाले. बापूराव आडवे आले. "थांबा रे. आज आधी बाया."

बाया एकमेकींकडे बघत उभ्याच राहिल्या. राणीने वाढायची बादली बापूरावांच्या हातात दिली, पोरीला घेऊन पहिल्या पत्रावळीवर बसली आणि म्हणाली, "आई, या."

अशा दिवशी घास उतरत नाही म्हणतात. माझा उतरला. बापूराव डाळ वाढून पुढे सरकले, तेव्हा मी त्यांना परत बोलावलं.

"अजून हाय का?" मी म्हटलं.