डॉक्टर आग्राफेना आणि त्यांचे छोटे यजमान

डॉक्टर आग्राफेना निकोलाय यांचा जन्म दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या कुस्कोक्विम नदीच्या काठी, आमच्या कायालेक गावात झाला. त्या माझे पती याकोव यांच्या आतेबहीण. याकोव यांचे वडील आणि आग्राफेना यांची आई ही सख्खी भावंडे होती. हे नाते मी प्रथम लिहून ठेवते, कारण पुढे जे घडले ते या नात्यामुळे घडले.

त्या शाळेत असतानाच त्यांची आई वारली. आईचे डोळे पिवळे झाले, पोट फुगले आणि सीलच्या शिकारीचा हंगाम येण्यापूर्वीच ती गेली. पुढे थोरला भाऊ त्याच रीतीने गेला. तो धडधाकट होता. गेला त्याच हिवाळ्यात त्याने एकट्याने नदीवरून लाकडे ओढून आणली होती. त्या घराला काहीतरी लागले आहे, असे गावात लोक हळू आवाजात म्हणत. आग्राफेना वसतिगृहाच्या शाळेत शिकल्या, मग सिएटलला जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यानंतर अँकरेजच्या मोठ्या रुग्णालयात यकृताच्या रोगांचे काम शिकल्या.

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्याजवळ एक प्रश्न होता. कावीळ ‘ब’चा विषाणू आमच्या काठावर पुष्कळांच्या रक्तात होता. त्यांतील बहुतेकांना त्याचा काही त्रास नव्हता. मग त्यांतल्याच एखाद्याच्या यकृतात कर्करोगाची गाठ का होते, आणि ती लहान असतानाच सापडली तर तो माणूस वाचतो का? याचे उत्तर मिळवण्यासाठी त्या दर सहा महिन्यांनी गावोगाव विमानाने जात. लोकांचे रक्त घेत. त्या रक्तात एक प्रथिन असते, ते वाढलेले दिसले की पोटावर यंत्र फिरवून यकृत पाहत. गाठ लहान असली तर कापून काढता येई. मोठी झाल्यावर त्या काळी काहीच करता येत नसे.

आमच्या लोकांत वाईट गोष्ट माणसाच्या तोंडावर बोलत नाहीत. उच्चारलेला शब्द त्या माणसाची वाट शोधत जातो, अशी आमची समजूत आहे. वडीलधारी माणसे उपदेश करतात तोही सर्वांना मिळून करतात, आणि ज्याचा त्याने आपापला वाटा उचलावा अशी रीत आहे. डॉक्टर आग्राफेना यांना हे ठाऊक होते. परंतु रोग्यापासून काही लपवू नये, असे त्यांना शिकवलेले होते. शिवाय आपल्या आईला कोणीच काही सांगितले नाही, याचे दुःख त्यांच्या मनात होते.

नदी गोठण्यापूर्वीच्या दिवसांत त्यांनी याकोव यांना दवाखान्यात बोलावले. मी सोबत होते. त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “याकोव, तुझ्या यकृतात गाठ आहे. कर्करोगाचीच असणार. लहान आहे. पण काढली नाहीस, तर पुढचा हिवाळा तू बघणार नाहीस.”

याकोव यांनी टोपी डोक्यावर घातली, कानांवरून नीट खाली ओढली आणि मला म्हणाले, “चल, घरी चहा थंड होत असेल.” घरी कोणी चहा ठेवलेला नव्हता.

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झाली. आग्राफेना शहरात राहून माणसांची मरणे मुक्रर करायला शिकली, असे वाफेच्या न्हाणीत पुरुष बोलू लागले. पुढच्या वेळी रक्त द्यायला पाद्रीबाबा आणि त्यांची बहीण एवढीच माणसे गेली. डॉक्टर आग्राफेना आमच्या घरी दोनदा आल्या. आमच्या घराला एकच दार आहे, तरीही दोन्ही वेळा याकोव त्यांना भेटले नाहीत. रेडिओवरून निरोप देणे शक्य नव्हते, कारण तो सारे गाव ऐकते. मी रात्री याकोव यांच्या कुशीवर हात ठेवून एकदाच विषय काढला. ते म्हणाले, “झोप. उद्या सापळा लावायचा आहे.” त्यांच्या यकृतातली गाठ वाढत असेल आणि आम्ही सगळे गप्प बसलो आहोत, हे माझ्या मनातून जात नव्हते.

शेवटी डॉक्टर आग्राफेना माझ्या सासूबाईंकडे, म्हणजे त्यांच्या मामीकडे, आल्या. सासूबाई कातडे शिवत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“मामी, मी खरं तेच सांगितलं,” आग्राफेना म्हणाल्या.

“खरं सांगितलंस गं. पण कोण म्हणून सांगितलंस?”

“डॉक्टर म्हणून.”

“डॉक्टर पाहिजे तर अँकरेजला ढिगाने पडलेत. त्याला आतेबहीण एकच आहे. तुला जीभ दिलीय ती काय नुसती बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या ओल्या करायला?”

आग्राफेना हसल्या नाहीत. “मला आता थट्टा येत नाही, मामी. कितीतरी वर्षांत केली नाही.”

“मग शीक. तो वाचला पाहिजे. तुझ्या कागदांचं काय करायचं ते नंतर बघू.”

आमच्यात आतेभावंडे आणि मामेभावंडे एकमेकांची थट्टा करतात. तो त्यांचा हक्क आहे. जे सख्ख्या भावाने बोलू नये, बायकोने तर बोलूच नये, ते आतेबहीण चारचौघांत हसत बोलून टाकते. ज्याची थट्टा झाली त्याने रागवायचे नाही, उठूनही जायचे नाही. थट्टेनेच उत्तर द्यायचे. अशी बहीण आपल्या मामेभावाला छोटे यजमान म्हणते आणि तो तिला छोटी बायको म्हणतो. त्यात कोणाला वावगे वाटत नाही.

नदी घट्ट गोठल्यावर याकोव यांनी पहारीने बर्फ फोडून सापळा टाकला होता. हनुवटीला एकच मिशी असलेला आमचा हिवाळी मासा त्यात येतो. त्याची कलेजी आम्हांला फार प्रिय आहे. हंगामातले पहिले मासे वडीलधाऱ्यांच्या घरी न्यायचे असतात, म्हणून ते सासूबाईंकडे आणले. शेजारपाजारची माणसे जमली. मी सीलचे तेल आणि पाव मांडला. तेवढ्यात डॉक्टर आग्राफेना आल्या, भिंतीवरची चंद्रकोरीसारखी सुरी काढून घेतली आणि जमिनीवर अंथरलेल्या पुठ्ठ्यापाशी मासे चिरायला बसल्या. याकोव दाराकडे पाहू लागले. दारात सासूबाई बसलेल्या होत्या.

तिसऱ्या माशाची कलेजी आग्राफेना यांनी हातावर घेतली. तिच्यावर एक पांढरा डाग होता. असे डाग पुष्कळदा असतात.

“काय हो छोटे यजमान,” त्या मोठ्याने म्हणाल्या. “हा अख्खा मासा परत बर्फाखाली सोडू ना?”

याकोव म्हणाले, “का? चांगला तर आहे.”

“कलेजीला डाग आहे. तुमच्या घरची पद्धत मी ऐकलीय. डाग दिसला की टोपी घालायची आणि चहा प्यायला जायचं.”

आधी सासूबाई हसल्या. मग सगळेच हसले. मी डोक्याचा रुमाल तोंडावर ओढून घेतला, कारण दवाखान्यातली ती चहाची गोष्ट गावात मीच सांगितली होती.

याकोव यांना उत्तर देणे भाग होते. “माशाचं बरं असतं, छोट्या बायको. त्याला कुणी खुर्चीत बसवून तुझे दिवस भरले असं सांगत नाही.”

“ती सांगणारी बाई मला माहीत आहे. शहरात राहून बोलणं विसरली बिचारी. नवरा मिळाला तोही असा, सुईला भिऊन सापळ्यात लपणारा.”

“सापळ्यात ऊब असते. तुझ्यासोबत विमानात बसायचं म्हणजे पंचाईत. वैमानिक वजन विचारतो. तुझं ऐकलं की मलाच खाली उतरवील.”

“तुम्हांला मांडीवर घेईन, छोटे यजमान. वर्षभरात तुम्ही तेवढेच उरलात.”

या वेळी कोणी हसले नाही. याकोव बारीक झाले होते, हे सगळ्यांनाच दिसत होते. ते पुढे सरकून त्या कलेजीवर वाकले. मग विचारले, “किती मोठा आहे डाग?”

आग्राफेना यांनी बोटाने दाखवले. दलदलीत पिकणाऱ्या लहानशा पिवळ्या फळाएवढा. मग सुरीने तेवढाच भाग गोल कापून कुत्र्यांच्या भांड्यात टाकला आणि उरलेली कलेजी माझ्या हातात दिली.

“हिला तळ. हिच्यात काही वाईट नाही.”

याकोव यांनी ती खाल्ली. हात पुसले. म्हणाले, “विमान कधी आहे?”

धुके विरेपर्यंत थांबावे लागले. मग ते दोघे गेले, आणि मी सासूबाईंसोबत राहिले. शस्त्रक्रियेनंतर रेडिओवर आग्राफेना यांचा निरोप आला. तो सगळ्या गावाने ऐकला: “छोट्या यजमानांचा डाग काढला. बाकीचे तळून खायला हरकत नाही.” आमच्या शेजाऱ्यांनी रेडिओवरूनच विचारले की कलेजी कुणाला मिळणार आहे.

त्यानंतर डॉक्टर आग्राफेना यांनी आपल्या कामाची पद्धत बदलली. रक्त घेण्यापूर्वी त्या प्रत्येकाला विचारू लागल्या, “काही निघालं तर कुणाच्या तोंडून ऐकशील?” कोणी मामेभावाचे नाव सांगे, कोणी मावशीचे, एका म्हाताऱ्याने डॉक्टर, तुम्हीच सांगा असे म्हटले. ज्याचे नाव घेतले असेल त्याला सोबत घेऊनच त्या बोलत. रक्त देणारे परत आले. इतर गावांतही हीच पद्धत सुरू झाली. पुढे दूरच्या शहरात विद्वानांची सभा भरली, तेव्हा एका प्राध्यापकांनी विचारले की इतकी वर्षे इतकी माणसे पुन्हा पुन्हा कशी येतात. आग्राफेना म्हणाल्या, “आतेबहिणींमुळे.” सभेला ते कळले नाही. त्यांनी समजावले असेल, नसेलही. मला त्यांनी तेवढेच सांगितले.

त्यांचे संशोधन चालू राहिले. यकृत कठीण झालेले नसतानाही काहींना गाठ होते, ती कोणाला होण्याचा संभव अधिक, विषाणूवरचे औषध कधी सुरू करावे, यावर त्यांनी काम केले. सगळे वाचले नाहीत. माझ्या बहिणीचा नवरा वाचला नाही, त्याची गाठ सापडली तेव्हा मोठी होती. आमच्या मुलांना मात्र जन्मतःच लस मिळाली. याकोव यांना काही वर्षांनी पुन्हा एक लहान गाठ आली. त्या वेळी कापावे लागले नाही, सुई आत घालून तिच्या उष्णतेने गाठ जाळली. याकोव म्हणाले की छोटी बायको आता स्वयंपाकही विसरली, नुसतेच भाजते.

दर हिवाळ्यात पहिल्या माशांतला एक याकोव आग्राफेना यांच्यासाठी अँकरेजच्या विमानात चढवतात. तो चिरत नाहीत. वैमानिक कुरकुर करतो की चिरून द्या, जागा कमी लागते. याकोव त्याला एकच उत्तर देतात, “कापायचं काम तिचं आहे.” डॉक्टर आग्राफेना आता निवृत्त झाल्या आहेत. गेल्या हिवाळ्यात मासा पाठवायची गरज पडली नाही. त्या स्वतःच सुरी घेऊन बर्फावर येऊन बसल्या, आणि याकोव यांनी पहार उचलली.