कालव्याचा चौथा चौकोन

वेतकाका जन्मांध. वेताच्या खुर्च्या विणण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. वेताच्या सालीतली बारीक चीर त्यांच्या बोटांना कळायची आणि माणसाच्या बोलण्यातली त्यांच्या कानांना.

चित्रकार बाई पहिल्यांदा घरी आल्या आणि म्हणाल्या, "कालव्याचं चित्र करायचंय, हातांनी वाचायचं. प्रत्येक वळणावरचा गाळ वेगळा आहे, ज्यांना दिसत नाही त्यांनीच तो थापावा असं वाटतं."

काकांनी नुसतं "हं" केलं. बाई गेल्यावर बहीण म्हणाली, "जा की दादा, घरात बसून गंजशील."

"अगं, मागं दोघं असेच आले होते. फोटो काढले नि पसार झाले. दुधानं तोंड पोळलंय माझं."

तरी ते गेले, पण पाहुण्यासारखे नव्हे, पहारेकऱ्यासारखे. जुन्या सुतारशाळेच्या शेडमध्ये आठ जण जमायचे, सगळेच दृष्टिहीन. गाळात भुसा मळून कालव्याच्या सहा वळणांचे सहा मोठे चौकोन थापायचे आणि न भाजता सावलीत वाळवायचे, म्हणजे वास टिकतो. चौथा चौकोन काकांचा होता. रंगाच्या कारखान्यामागचा तो गाळ तेलकट, नाकाला झोंबणारा. काकांनी त्याच्या कडेला अंगठ्यानं वेताची वीण उमटवली.

महिन्याभरानं त्यांनी चौथ्या चौकोनावरून हात फिरवला. गुळगुळीत! वीण नाही, वास नाही.

"बाई, हा माझा नाही."

"तडा गेला होता, काका. मीच नवा केला." उत्तर जरा घाईनंच आलं.

काकांच्या मनात आलं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय. आंधळं दळतंय आणि पीठ कोण खातंय?

दुसऱ्या दिवशी ते तासभर आधी पोचले. शेडच्या राखणदारानं दार उघडून दिलं. काकांनी मांडणीची एकेक फळी चाचपली. सगळ्यात खाली, जुन्या गोणपाटात, त्यांची वीण हाताला लागली. कडेपासून कडेपर्यंत बोटं फिरवली. एकही तडा नव्हता.

बाई आल्या तेव्हा चौकोन काकांच्या मांडीवर होता.

बाई म्हणाल्या, "प्रदर्शनाचा हॉल कारखान्याच्या मालकांचा आहे. हा काढा, नाहीतर हॉल नाही, म्हणाले."

"आणि आम्हाला कळणार नाही असं वाटलं? दिसत नाही म्हणून?"

"हो," बाईंचा आवाज खाली गेला. "तसंच वाटलं. लाज वाटते आता."

काका थिजले. खोटं पकडायची तयारी करून आले होते, असं खरं ऐकायची नव्हती.

"मग हाच लावा," ते म्हणाले. "हॉल गेला तर जाऊ दे."

बाईंनी सगळ्यांना बसवून आपली चूक सांगितली. दोघं जण रागावून गेले ते परतलेच नाहीत. हॉल गेला. ग्रंथपालांनी वाचनालयाच्या व्हरांड्याची भिंत दिली. तिथं डोळे असलेले लोकही डोळे मिटून भिंत चाचपायचे. चौथ्या चौकोनापाशी नाक मुरडून म्हणायचे, "याच कालव्याचं पाणी पितो आपण?"

त्यानंतर बाईंनी तळ्याच्या गाळाचं काम काढलं आणि काकांना शेडवर बोलावून विचारलं.

"येईन," काका म्हणाले, "पण शेडची किल्ली माझ्याकडे राहील."

बाईंनी ती त्यांच्या हातावर ठेवली. काकांनी तिचे दाते बोटानं तपासले, उठून ती कुलपाला लावून पाहिली आणि मगच खिशात टाकली.