हाक सोपवायची राहिली

धसईच्या बाजारातून डोंगराकडे जाणारी वाट जिथे डांबर सोडते, तिथून पाऊण तास पायी गेले की वीस-बावीस उंबऱ्यांचा एक पाडा लागतो. त्याच्या वरच्या अंगाला कारवीच्या कुडाचे आणि अलीकडेच पत्रा चढवलेले जे घर आहे, ते नामाबाबा मेंगाळांचे. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ते शहरातल्या प्राणिसंग्रहालयात प्राणिपाल म्हणून लागले आणि साठ पूर्ण झाल्यावर, ज्येष्ठाच्या सुरुवातीला, एक लोखंडी पेटी आणि निरोपसमारंभातली शाल घेऊन पाड्यावर परतले. मधली बत्तीस वर्षे त्यांनी हिंस्र श्वापदांच्या सेवेत घालवली. सेवा हा शब्द येथे विचारपूर्वक योजला आहे. पिंजरा धुणे, मांस तोडून घालणे, विष्ठा पाहून प्रकृती ओळखणे ही कामे नामाबाबा ज्या निष्ठेने करीत, ती निष्ठा पुष्कळ देवळांच्या गाभाऱ्यांतही आढळत नाही.

त्यातली शेवटची चौदा वर्षे अबोलीची. अबोली ही बिबट्याची मादी. कोरड्या विहिरीत सापडलेले ते पिल्लू टोपलीतून आले तेव्हा गुळाच्या ढेपेएवढे होते आणि डोळे नुकतेच उघडले होते. नामाबाबांनी त्याला बाटलीने दूध पाजले. पहिले तीन आठवडे ते सुटीलाही घरी आले नाहीत. अखेर पत्नी सावळीबाई चौकशीला शहरात गेल्या आणि पतीच्या मांडीवर ते ठिपक्याठिपक्यांचे लेकरू निजलेले पाहून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"ही कोन?" त्यांनी विचारले.

"अबोली."

"बरी हाये. सवत आनली ती आनली, मिशीवाली आनली!"

तेव्हापासून घरात अबोलीचा उल्लेख सवत असाच होई. सणाला नामाबाबा आले की सावळीबाई पान वाढताना विचारीत, "धाकटीनं सोडलं का आज?" आणि परत निघाले की म्हणत, "जा बाबा, ती उपाशी असंल." या चेष्टेत वर्षे गेली.

अबोलीची एक खोड होती. भक्ष्य समोर पडले तरी ती तोंड लावीत नसे. नामाबाबा मागच्या लोखंडी दाराशी बसून, गजाजवळ तोंड नेऊन एक हाक घालीत, मगच ती उठे. ही हाक नामाबाबांच्या आईची. तिच्या हाकेवर शेळ्या डोंगरउतारावरून धावत येत. पहाटे सहाला, अधिकारी नसताना आणि प्रेक्षकांना फाटक उघडण्यापूर्वी, नामाबाबा ती हाक हळू आवाजात घालीत. चौदा वर्षांत ती दुसऱ्या माणसाच्या कानी पडली नाही. यामागे संकोच होता तसा धर्मही होता.

त्या डोंगरपट्टीत गुराख्याची हाक ही त्याची खाजगी ठेव मानली जाते. ज्याला हाक कळली त्याच्यामागे गुरे चालू लागतात, म्हणून ती कोणाला शिकवायची नाही. गुरे दुसऱ्याच्या हाती जाणार असतील, तेव्हाच ती सोपवायची. त्यालाही दिवस ठरलेला, आश्विन वद्य द्वादशीचा, वाघबारशीचा. पाड्यावरच्या टेकाडावर वाघोबाची शेंदूर माखलेली शिळा आहे. तिथे गुराखी खीर शिजवतात, देवाला पहिला वाटा ठेवतात, आणि जुना गुराखी चारचौघांदेखत हाक घालून नव्याच्या खांद्यावर काठी ठेवतो. त्या क्षणापासून गुरे नव्याची. इतर दिवशी दिलेली हाक जनावराला लागत नाही, अशी तेथील वृद्धांची श्रद्धा.

निवृत्तीच्या दिवशी नामाबाबांनी आपल्या जागी आलेल्या प्रणित नावाच्या तरुणाला सारे काही समजावून दिले. किती मांस, कोणत्या दिवशी लंघन, कोणत्या दाराची कडी अडते. हाक मात्र दिली नाही. मास ज्येष्ठ होता. ते एवढेच म्हणाले, "दिवाळीच्या तोंडाला माज्या गावाला ये. एक काम राह्यलंय तुजं-माजं. तवर ती थोडं कमी खाईल, घाबरू नको." प्रणित हसून हो म्हणाला आणि त्याने नामाबाबांच्या मोबाईलमध्ये आपला क्रमांक घालून दिला.

त्या वर्षी वाघबारशीच्या आदल्या दिवशी भाताचा भारा वाहताना नामाबाबांचा पाय बांधावरून घसरला. शहापूरच्या एका इस्पितळात पायाला प्लास्टर घातले. दीड महिना सक्त विश्रांती. शिळेपर्यंत चढणे अशक्य झाले आणि प्रणितला येऊ नको असा निरोप गेला. आता पुढच्या वाघबारशीला, असे नामाबाबांनी स्वतःशी ठरवले. जनावर एवढे थांबेल, असे त्यांना वाटले. चौदा वर्षे सोबत राहूनही त्यांना असे वाटावे, ही चूक होती की श्रद्धा, याचा निवाडा कोणी करावा?

वर्ष सरत आले. भात पोटरीतून बाहेर पडून पिवळे झाले. घरात सून रुपाली हिने सासऱ्यांसाठी म्हणून दूरदर्शनसंच घेतला होता. त्यावर दर शुक्रवारी सायंकाळी सातला प्राणिसंग्रहालये आणि तेथील प्राणिपाल यांच्यावरचा एक कार्यक्रम लागे. कधी परदेशातले पेंग्विन, कधी हत्ती. प्राणिपाल स्वच्छ गणवेशात बोलत, पार्श्वभूमीला मंद संगीत वाजे. नामाबाबा पाहत आणि मधूनच म्हणत, "यानं हातमोजे आताच घातलेत. इस्त्री दिसती."

वाघबारशीला आठवडा उरला होता त्या शुक्रवारी पडद्यावर एक ओळखीचे फाटक आले. नंतर ओळखीचा हौद. नंतर प्रणित.

"अवो, ह्यो तुमच्या जागेवरचा पोरगा!" सावळीबाई ओरडल्या. "आनि ती बघा, सवत!"

अबोली कोपऱ्यात बसली होती. खांद्याची हाडे वर आली होती. समोर मांस तसेच पडले होते. पाठ कॅमेऱ्याकडे आणि तोंड मागच्या लोखंडी दाराकडे. निवेदिका मधुर स्वरात सांगत होती की लाडक्या अबोलीने सहा दिवस अन्नाला स्पर्श केलेला नाही, पशुवैद्य चिंतेत आहेत. प्रणित गजाजवळ वाकून "अबोली, अबोली" म्हणत होता. मग पडद्यावर मोठी अक्षरे उमटली. अबोली अन्न घेईल का? पाहा पुढील शुक्रवारी.

"ती दाराकडं का बघती?" रुपालीने विचारले.

नामाबाबा उठले. मग पुन्हा बसले. सहा दिवस, आणि त्यावर आणखी सात? वाघबारशीपर्यंत थांबणे शक्य नव्हते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, पोराला फोनवर हाक देतो एवढे सावळीबाईंना सांगून, ते नारळ आणि मूठभर तांदूळ घेऊन टेकाडावर गेले. पाड्यात मोबाईलला रेंज मिळते ती केवळ वाघोबाच्या शिळेपाशी, आणि नामाबाबांना त्यात त्या दिवशी देवाचीच योजना दिसली. प्रणित समोर नसला तरी आवाज शिळेसमोर पोचेल. तिथी पाच-सहा दिवस आधीची, पण देव जाणता आहे. त्यांनी नारळ फोडला, क्षमा मागितली, काठी शिळेला टेकवली आणि फोन लावला. चौथ्या खेपेस तो उचलला गेला.

"पर्नित, मी नामा. नीट ऐक. तिला एक हाक लागती. मी आता घालतो, ती तू पाठ कर, आनि मागल्या दाराला बसून…"

"कोणाला, काका?"

"अबोलीला! काल टीव्हीवर दाखवली ना. सा दिवस खाल्लं नाय म्हने."

मग प्रणित सावकाश बोलला. "काका, ते शूटिंग माघातलं आहे. आत्ता दाखवतायत. अबोली गेली. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी."

खाली शिवारात कोणीतरी पाखरे हाकलीत होते. नामाबाबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी तुम्हाला किती फोन केले, काका. लागतच नव्हता. डॉक्टर म्हणाले मूत्रपिंडं निकामी झाली होती. वय झालं होतं तिचं. सलाईन लावलं, सगळं केलं. काका, तुम्ही तिला काय म्हणायचात? शेवटपर्यंत दाराकडेच बघत होती."

नामाबाबांच्या ओठांवर हाक आलेली होती. परंतु हाक सोपवायची ती जनावरासह. ज्याच्या हाती जनावरच नाही, त्याला काय द्यायचे?

"काय नाय रे," ते म्हणाले. "उगं आपलं. तू जेवलास का?"

काठी घेऊन ते उतरले. मूत्रपिंडे आणि हाक यांतले नेमके काय खरे, हे त्यांना कळत नव्हते, आणि समजावून सांगणारे जगात कोणी नव्हते. प्रणितला हाक ठाऊक असती तर अबोली जगली असती, असे म्हणण्यास आधार नव्हता. जगली नसती, असे म्हणण्यासही नव्हता.

घरी सावळीबाई अंगणातच उभ्या होत्या. "लागला का फोन? बोललात?"

"बोललो."

"मंग झालं! आता खाईल ती." आणि त्यांनी डाल्याकडे बोट दाखवले. डाल्याखाली तांबडी कोंबडी होती. "म्या वाघोबाला बोललेय. सवत जेवली तर ही त्याची. हसू नका. इतकी वरसं नावं ठेवली, पन तिच्यामुळंच तुमी मानसात राह्यलात."

त्या चेहऱ्यासमोर नामाबाबांना सांगता आले नाही. आज सांगू, उद्या सांगू, असे करीत सहा दिवस गेले. तोपर्यंत सावळीबाईंनी बातमी पाड्यात पसरवली होती. आपल्या नामाबाबाच्या बिबटीचे शुक्रवारी काय होते, याची बावीस उंबऱ्यांना उत्कंठा लागली. शुक्रवारीच वाघबारस होती.

त्या दिवशी शिळेपाशी खीर शिजली. सावळीबाईंनी द्रोणात वेगळा वाटा काढून शिळेच्या उजव्या अंगाला ठेवला आणि जमलेल्यांना सांगितले, "ह्यो शहरातलीचा." नामाबाबांनी त्या द्रोणाकडे पाहिले नाही. सातला घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका ओटीवर, पुरुष दारात. संच मोठ्या आवाजात लावला होता.

अबोली पुन्हा त्याच कोपऱ्यात होती. पुन्हा तेच मांस.

"अजून तशीच हाये गो," भागीरथी नावाची शेजारीण म्हणाली.

"थांब जरा," सावळीबाई म्हणाल्या आणि पतीकडे वळल्या. "अवो, पोराला फोनवर सांगितलीत ती हाक आमाला ऐकवा की. आज वाघबारस हाये. आज चारचौघांत घालायची रीतच हाये ना?"

"राहू दे, सावळे."

"अगं बाई, लाजले! बायकोम्होरं नाय लाजले, सवतीम्होरं लाजले!" घर हसले. "घाला, घाला बाबा," दारातले पुरुष म्हणू लागले.

रीत त्यांच्या बाजूची होती. वाघबारशीला मागितलेली हाक नाकारता येत नाही. नामाबाबा भिंतीचा आधार घेऊन पुढे सरकले, संचाच्या समोर बसले, तोंड पडद्याजवळ नेले, आणि चौदा वर्षे गजांशी घातलेली हाक त्यांनी प्रथमच माणसांत घातली.

"हूंऽऽ… ये गो मैने, ये. आली का मैना? ये…"

अंगणातल्या खुंट्याची शेळी मोठ्याने ओरडली. सारे घर पुन्हा हसले. पडद्यावरचे जनावर दाराकडे तोंड करून तसेच बसून राहिले. त्याचा कानही हलला नाही.

"ऐकलं नाय तिनं. अजून एकदा, बाबा," रुपाली म्हणाली.

नामाबाबांनी पुन्हा हाक घातली. या वेळी शब्द मध्येच तुटला. सावळीबाई हसता हसता थांबल्या. त्यांची दृष्टी पडद्यावरून पतीच्या मानेवर आली आणि तिथेच स्थिरावली. एवढ्यात जाहिराती सुरू झाल्या. बायका आपापसांत बोलू लागल्या, कोणी पाणी मागितले.

सावळीबाई उठून पतीजवळ येऊन बसल्या. "कवा?" त्यांनी हळूच विचारले.

"शिवरात्रीच्या आदल्या दिशी."

"आनि तुमी सा दिवस एकल्यानं…" त्यांनी लुगड्याच्या पदराने पडद्याच्या काचेवरचा पतीच्या श्वासाचा ओला डाग पुसला. मग ओटीवरच्या माणसांकडे पाहिले. सगळे आतुर होते, भागीरथीने तर दोन्ही हात जोडून धरले होते.

"संच बंद करू का?" नामाबाबांनी विचारले.

"नको. मानसं आलीत आशेनं. दावतील ते दावू दे." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "ती कोंबडी मी सोडते सकाळी."

जाहिराती संपल्या. निवेदिकेचा मधुर स्वर पुन्हा आला आणि घर एकदम शांत झाले. ती दोघे वृद्ध माणसे सर्वांच्या पुढे, पडद्याला गुडघे टेकतील इतकी जवळ बसली होती. पुढे काय येणार हे त्या घरात केवळ त्या दोघांना ठाऊक होते. मागून भागीरथी म्हणाली, "बाबा, आता बघा हां, आता उठेल ती."

"बघतो गो," नामाबाबा म्हणाले.