वरच्या फळीवरचा माठ

शकू गेल्याचं तिच्या मुलीनं फोनवर कळवलं. "मावशी, आई गेली," एवढंच बोलली आणि रडायला लागली. मी तिची समजूत घातली, फोन ठेवला... आणि मला रडू आलं नाही. आला तो रागच. त्याला आता दीड महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचा रिवाज मला ठाऊक आहे, आणि चांगलं लिहिण्यासारखं शकूत पुष्कळ होतं. म्हणूनच तर जीव जळतो.

सत्तरच्या दशकात आम्ही दोघी जालन्यातल्या एकाच शाळेत शिक्षिका म्हणून लागलो. ती टेंभुर्णीच्या बागायतदाराची लेक, मी पिंपळगाव रेणुकाईची. जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानावर एक खोली मिळत होती. बघायला गेलो तेव्हा जिन्यातच मी सांगून टाकलं, "शकू, आम्ही बौद्ध आहोत. एका चुलीवर चालंल ना तुला?" ती हसली. "बिलकुल चालंल. आपण शिकलेल्या ना गं?" त्या एका वाक्यावर मी तिला सख्खी बहीण करून टाकलं.

स्वयंपाकघर म्हणजे खोलीचा एक कोपरा. दोघी एकदम उभ्या राहिलो तर एकीनं श्वास आत ओढायचा! पण शकूनं त्या कोपऱ्याचं सोनं केलं. भिंतीला तीन फळ्या ठोकल्या. फळीच्या खालच्या अंगाला खिळे मारून कप टांगले, दाराच्या पाठीमागे परात अडकवली, पोळपाट डब्यांमागे उभा सरकवला, कांदे-लसूण शिंक्यात. शाळेतल्या बाया मुद्दाम बघायला यायच्या. ती उंच, मी बुटकी. "तुझा हात पुरत न्हाई, मंग खालची फळी तुझी, वरची माझी," असं तिनं पहिल्याच दिवशी ठरवलं. माझं ताट-तांब्या खाली, तिचं वर, आणि पाण्याचा माठ सगळ्यात वर. अंगणातल्या नळावरून पाणी तीच आणायची. म्हणायची, "तू बारकी, कळशी झेपायची न्हाई तुला." मला तहान लागली की मी उठायच्या आत हाक, "थांब, मी देते." वरूनच माझ्या तांब्यात धार धरायची. भाकरीही तीच थापायची, माझ्या जाड होतात म्हणून. एवढे लाड आईनंही केले नव्हते माझे.

सुट्टीत गावी गेल्यावर हे सगळं कौतुक मी आईला सांगत बसले. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "माठ कुठं ठिवलाय म्हनलीस?"

"वरच्या फळीवर."

"भरलेला माठ कोनी वर ठिवतं व्हय गं? तू घेतीस का कधी आपल्या हातानं?"

मी आईवर अशी उखडले की दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तुमचा जमाना गेला, असंही म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात शकू तापानं फणफणली. पाणी पाणी करू लागली. मी खुर्ची लावून चढले, माठात तांब्या बुडवला, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिला पाणी पाजलं. घटाघटा प्यायली. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी ती उठून बसली. पाचव्या दिवशी मी शाळेतून आले तर वर नवाकोरा माठ. "जुना गळून राह्यला होता," ती म्हणाली. जुना खाली अंगणात, पाय धुवायला ठेवलेला. रविवारी तो काठोकाठ भरला आणि त्याच्याजवळ कपडे धूत बसले. कपडे वाळून निघाले तरी पाणी जिथल्या तिथं होतं.

वर जाऊन म्हणाले, "शकू, माठ गळत न्हाई."

ती भाजी चिरत होती. मान वर केली नाही. "आई येणारे गं टेंभुर्णीहून... तिला चालत न्हाई. मी न्हाई मानत, तुला माहीत हाय."

तिची आई त्याआधी कधी आली नव्हती, त्यानंतरही आली नाही. ज्या फळ्यांचं मी गावभर कौतुक केलं, त्या नुसत्या जागा वाचवायला नव्हत्याच. मला लांब ठेवायला होत्या, आणि तेही मायेच्या नावाखाली! जिन्यातच 'नाही चालत' म्हणाली असती तर मी परत फिरले असते आणि तिला विसरूनही गेले असते. महिना संपायच्या आत मी खोली सोडली.

पुढे तिनं दर दिवाळीला पत्र धाडलं, मुलीला मला मावशी म्हणायला शिकवलं. माठाचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही. आता विचारायला माणूसच उरलं नाही... की शकू, माझ्या मांडीवर डोकं होतं तेव्हा तू शुद्धीवर होतीस का गं?

माझी सून गुणाची आहे. मी बाहेरून आले की पाण्याचा पेला घेऊन पुढं येते, आणि माझ्या तोंडून पहिलं निघतं, "राहू दे, मी घेते माझ्या हातानं." इतकी वर्षं झाली तरी ही खोड जात नाही. मला वाटायचं, ती याला माझा समजूतदारपणा म्हणत असेल. परवा मात्र ती पेला तसाच हातात धरून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आई, माझ्या हातचं पाणी चालत नाही का तुम्हाला?"